अक्का, किती येळ ठिवू?

आटपाडीच्या वरच्या अंगाला, माळावर धनगरांची पाच घरांची वस्ती आहे. तिथं धोंडुबाईला विचारल्याशिवाय कुणी मेंढीला गुळाचा खडा चारत नाही. पोट फुगलेली मेंढी पुढ्यात आणून उभी केली, की ती डाव्या कुशीवर टिचकी मारते, कान लावते आणि म्हणते, "कवळा मका खाल्लाय हिनं. कुनाच्या रानातला, त्ये मला नगं सांगूस." खुरात किडे पडोत, कोकरू आडवं येऊन अडको, कासेला दगड होवो, बोलावणं धोंडुबाईलाच. वय अठ्ठावन्न. नवरा नाथाजी जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. धाकटा दीर जोतीराम आणि त्याची बायको राहीबाई यांच्या घरात ती थोरली म्हणून राहते, आणि थोरलीसारखीच बोलते.

एका कामाला मात्र ती हात लावत नाही. कातरणी झाली की मेंढरांना गोचिडाचं औषध लावतात. पिंपात पाणी, पाण्यात औषध, आणि एकेक मेंढी धरून भिजवायची. त्या दिवशी धोंडुबाई सकाळीच भाकरी बांधते आणि कालव्याकडं निघून जाते.

"थोरली वैनी वासाला भ्याली," जोतीराम मागून म्हणतो.

"जा, जा. तुजी दाढी बी बुडव त्यात," ती न वळता सांगते. गडी हसतात. ती संध्याकाळीच परतते.

वासाचं खरं होतं. पण तो वास औषध लावायच्या दिवसापुरता नव्हता. उन्हं डोक्यावर आली, सावली पायाखाली गेली, की तिला तो कुठंही यायचा. बाजारात, देवळात, एकदा तर विट्याच्या एसटी स्टँडवर. राकेलसारखा, आत कुजल्या लसणासारखा. आणि वासाच्या पाठोपाठ आवाज. तरण्या बाईचा, जरा कंटाळलेला, जरा हसरा.

"अक्का, किती येळ ठिवू?"

हा आवाज मनुबाईचा. मनुबाई म्हणजे मधल्या दिराची, धुळाची बायको. कराडजवळ मलकापूरला रानात खतासाठी मेंढरं बसवायला गेले होते तेव्हा सत्तावीस वर्षांपूर्वी ती भर दुपारी पडली आणि त्याच दिवशी गेली. नदीवर बारा वाजता तिला काहीतरी झोंबलं, असं सगळे म्हणतात. धुळानं दुसरं लग्न केलं, जतकडं गेला, तोही पुढं वारला. मनुबाई मात्र घरातच राहिली. दर अवसेला राहीबाई बाभळीखाली तिच्या नावाचं ताट ठेवते. भात, अंडं, हिरवी काकणं. ताट ठेवून मागं न बघता येते.

धोंडुबाई त्या ताटाला कधी हात लावत नाही. कुणी कधी विचारलं नाही का ते.

*

माघात राहीबाईनं विषय काढला. दोघी ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या.

"अक्का, सूनबाईचं काय खरं न्हाई."

सूनबाई म्हणजे पल्लवी. दहिवडीकडची, बारावी झालेली. राहीबाईच्या मुलाशी, बिरदेवशी लग्न होऊन सात महिने झाले होते. बिरदेव लोणंदच्या बाजारातून कांद्याचा टेम्पो भरून गावोगाव जायचा, पंधरवड्याच्या शनिवारी घरी.

"काय झालं तिला?"

"बसंना झालीया. भाकरी थापता थापता मधीच उठून जातीया. झोपत न्हाई. दिसातनं दोनदा न्हातीया. परवा बारा वाजता न्हाणीत शिरली, घटकाभर भाईर न्हाई. हाक मारली, तर आत रडतीया."

"माहेरची सय येत आसंल."

"सय आली म्हनून कुनी मांड्या वरबाडतं व्हय? रगात काढलंय. मी बघितलं, लुगडं वाळत घालताना." राहीबाईनं सूप खाली ठेवलं. "ट्रंकेतली घोंगडी काढली हुती तिनं, थंडीत. मनुची. मी लग्नाला गेल्ते, न्हाईतर हात लावू दिला आसता का? तवापासनं ह्ये."

धोंडुबाईच्या सुपातली ज्वारी फिरायची थांबली.

"मनु लागलीया तिला, अक्का. आयतवारी देवरुषी येतोय. निरोप धाडलाय मी."

"कुठला देवरुषी?"

"त्येचाच ल्योक. म्हातारा गेला न्हवं."

त्याचाच म्हणजे कुणाचा, ते दोघींना ठाऊक होतं. मलकापूरला मनुबाईपुढं लिंबाचा डहाळा घेऊन जो बसला होता, त्याचा. धोंडुबाई म्हणाली, "खडं लय हायती आवंदा ज्वारीत." राहीबाईनं तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

*

गुरुवारी दुपारी धोंडुबाई लिंबाखाली आई मेलेल्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. जोतीराम मेंढरं घेऊन लांब गेला होता, राहीबाई आटपाडीला. सावली आखडली आणि वास आला.

ती आवाजाची वाट बघत बसली. इतक्या वर्षांत तिला सवय झाली होती. आवाज यायचा, ती मनातल्या मनात "ऐकलं गं" म्हणायची, आणि दुपार पुढं सरकायची.

आवाज आला नाही. वास मात्र वाढत गेला. आणि कोकरू शिंकलं.

कोकरानं तोंड फिरवलं, पुन्हा शिंकलं, बाटली सोडली.

धोंडुबाई उठली ती पदर न सावरताच. गोठ्याच्या फळीवर डाळिंबावरच्या फवारणीची औषधं, जंताचं औषध, टाचणीनं भोक पाडलेली तेलाची बाटली, सगळं रांगेत. गोचिडाच्या बाटलीच्या जागी मात्र धुळीत नुसता गोल चट्टा स्वच्छ राहिला होता.

न्हाणीचं पत्र्याचं दार आतून लावलेलं.

"पल्लवी."

"न्हाते मी, थोरल्या आत्या."

"पान्याचा आवाज येत न्हाई."

धोंडुबाईनं दाराला कान लावला.

"हातात काय हाय तुज्या?"

"काही नाही."

"अंगाला लावलंस?"

मग बारीक आवाज आला. "अजून नाही. पाणी किती घालायचं ते कळेना."

"खाली ठेव. झाकन लावू नगं, नुसतं ठेव. साबनानं हात धू, कोपरापातुर. मला पान्याचा आवाज आयकू दे." धोंडुबाई दाराला पाठ लावून मातीतच बसली. "मी हितंच हाय. तू भाईर येस्तवर उठत न्हाई."

पाणी वाजलं. कडी निघाली. पल्लवी परकर छातीशी बांधून उभी होती, हातात कापसाचा बोळा, डोळे सुजलेले. धोंडुबाईनं पदर हाताला गुंडाळून झाकण उचललं आणि बाटलीवर फिरवलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तसली बाटली तिच्या हातात होती. झाकण दोनदा आट्यावरून घसरलं.

"आता सांग. काय खातंय तुला?"

"मला नाही सांगता येणार."

"आगं, मेंढरांच्या ढुंगनामागं जल्म गेला माझा. मला कसली लाज सांगतीस?"

पल्लवीला हसू आलं, आणि हसता हसता ती रडली. मग सांगितलं. तीन आठवडे झाले, खाली, जांघेत नुसती आग. दिवस कलला की जास्त. आधी गजकर्ण वाटलं, मलम लावलं. मग एक दिवस मोबाइलच्या उजेडात नीट बघितलं. केसाच्या मुळाशी राखेच्या कणासारखं काहीतरी चिकटलेलं. नखानं काढून हातावर घेतलं, तर ते चाललं.

"कसं चाललं?"

"आडवं. खेकड्यासारखं. एवढंसं, राईपेक्षा बारीक, पण पुढच्या पायांना नांग्या असल्यासारखं. केसांना बारीक अंडी आहेत, घासून पण निघत नाहीत. चड्डीला गंजासारखे ठिपके पडतात. आणि मांडीवर निळसर डाग."

"उवाच त्या. डोईतल्या न्हवं, जांघंतल्या. रुंद असत्यात."

"तुम्हाला कसं माहिती?"

"एकीनं दाखवली हुती मला. अशीच, हातावर घेऊन."

"कुणी?"

"जी तुला लागलीया म्हनत्यात, तिनं."

*

धोंडुबाईनं ते पल्लवीला न्हाणीच्या उंबऱ्यावर सांगितलं, आणि सांगताना एकदाही तिच्याकडं बघितलं नाही.

चैत्र होता. मलकापूरला ऊस तुटलेल्या रानात वाडा उतरला होता. बिऱ्हाडं, घोडी, दोनशे मेंढरं. धुळा बकरी ईदीला मेंढे घेऊन मुंबईला, देवनारला गेला, बारा दिवसांनी आला. पुढं मनुबाई खाजवायला लागली. ती हसत हसतच धोंडुबाईकडं आली होती.

"अक्का, मला गोचिड लागल्यात."

"मग तुला बी पिंपात बुडवायची," धोंडुबाई म्हणाली. दोघी पोट धरून हसल्या.

"दोन दिस हसलो आमी त्या बोलन्यावर," ती पल्लवीला म्हणाली. "तिसऱ्या दिशी हसू सपलं. तिला सोसंना. दवाखान्यात जाऊन पुरुष डाक्टरापुढं पातळ वर करायचं, ह्ये तिच्या बी मनात आलं न्हाई, माज्या बी न्हाई. घरात औषध हाय, किडं त्येनंच मरत्यात. मग मी खरंच बाटली दिली. पानी थोडंच घाल म्हनलं, म्हंजे लौकर मरत्याल."

उसाच्या पाचटाचा आडोसा होता. मनुबाई त्याच्या आत, धोंडुबाई बाहेर, एक मेंढी अडली होती तिच्यात हात घालून बसलेली. खाजवून खाजवून मनुबाईची कातडी सोललेली होती, आणि त्यावर तिनं ते औषध चोपडलं. आतून हाक आली.

"अक्का, किती येळ ठिवू?"

"मेंढराला कुठं धुतो आपन? अंगावरच वाळू दे."

मनुबाई घोंगडी गुंडाळून बसली. थोड्या वेळानं पुन्हा आवाज.

"अक्का, तोंडाला पानी सुटतंय लय."

"थुक की मग."

"मी थुक म्हनाले तिला," धोंडुबाई पल्लवीला म्हणाली. "कोकराचं पाय हाताला लागलं हुतं माज्या. त्ये भाईर काढलं, पुसलं, उभं केलं. मग ध्यानात आलं की ती पुन्यांदा बोलली न्हाई."

आत मनुबाई वाकडी होऊन पडली होती. तोंडाला फेस, हातापायाला झटके, डोळ्याच्या बाहुल्या खसखशीएवढ्या. माणसं धावली. कुणीतरी म्हणालं, बारा वाजता नदीवरनं पाणी घेऊन आली, तिथंच पकडलं. शेजारच्या वाड्यातून देवरुषी आला. त्यानं तिला बसती केली, डहाळ्यानं मारलं, नाव विचारलं. कराडचा दवाखाना दोन मैलांवर. ऊसवाल्याचा ट्रॅक्टर बांधावर उभा.

"तुम्ही सांगितलं नाही?"

"न्हाई."

"बाटली होती ना तिथं?"

"मी उचलून पाचटात ढकलली." धोंडुबाई हाताचे तळवे बघत होती. "कशाला दिली ह्ये सांगावं लागलं असतं. चार गड्यांत सांगायचं, हिला कुठं खाजतंय आन कशानं. मला वाटलं तिची आब्रू जाईल. आन माजं नाव निघंल. दिवं लागायच्या आत ती गेली."

पल्लवीनं परकराची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "आत्या मला मनुबाई लागली म्हणतात, तेव्हा मला बरं वाटलं होतं, खरं सांगू? लागलेली सून घरात चालते. उवा झालेली चालत नाही. विचारतील, कुठनं आणल्यास."

"कुठनं आनल्यास?"

"थोरल्या आत्या, मी सात महिन्यांत या माळावरनं डेअरीपर्यंतसुद्धा एकटी गेलेली नाही."

"मग झालं. उद्याच्याला सकाळी तयार हो. आयतवारच्या आत ह्ये निस्तरायचं."

*

आटपाडीत आणि विट्यात ओळखीचे फार, म्हणून विट्याला एसटी बदलून दोघी इस्लामपूरला गेल्या. राहीबाईला सांगितलं, कोकरांचं औषध आणायचंय, पोरगी पाटी वाचील. डॉक्टर क्रांती नावाची बाई होती, चाळिशीची, चष्मा कपाळावर सरकवलेला. तिनं पल्लवीला आत नेलं, भिंगातून बघितलं, बाहेर येऊन हात धुतले.

"जांघेतल्या उवा आहेत. पाचव्या मिनिटाला कळणारी गोष्ट, आणि तीन आठवडे जीव खाल्लास. लाजायचं कारण नाही. घाणेरड्या बाईला होतात असं नाही, रोज दोनदा अंघोळ करणारीलाही होतात."

"डाक्टरीनबाई, जुन्या घोंगडीतनं येत्यात व्हय?" धोंडुबाईनं विचारलं.

"किती जुनी?"

"सत्तावीस वर्सं. ट्रंकेत हुती."

"माणसाच्या अंगावेगळी झाली की ही ऊ एक-दोन दिवसांत मरते, तिला रक्त लागतं. ट्रंकेत काही राहिलेलं नाही." डॉक्टर पल्लवीकडं वळली. "बहुतेक वेळा ती अंगाला अंग लागूनच येते. नवराबायकोत. अंथरुणातनं क्वचित. कुणाकडनं आली ते मी विचारत नाही, पण नवऱ्याला त्याच दिवशी औषध झालं पाहिजे. नाहीतर तू बरी होशील आणि परत घेशील."

तिनं कागदावर लिहिलं. पर्मेथ्रिन, एक टक्क्याचं. अंग धुऊन कोरडं करायचं, मग औषध जांघेत, मांडीवर, बेंबीपर्यंत जिथं केस असतील तिथं लावायचं. घड्याळात दहा मिनिटं बघायची आणि धुऊन टाकायचं.

"धा मिनिटं?" धोंडुबाईनं मधेच विचारलं.

"दहा. जास्त ठेवलं म्हणजे जास्त मरतात असं नाही. अंडी बारीक कंगव्यानं किंवा नखानं काढायची. नुसतं केस काढून भागत नाही. नवव्या-दहाव्या दिवशी पुन्हा बघायचं. राहिलेली अंडी फुटून नव्या निघालेल्या दिसल्या, तर पुन्हा एकदा लावायचं. तीन दिवसांतले कपडे, चादरी कडक गरम पाण्यात धुवून उन्हात टाका. धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे बाजूला. दोघं बरे होईपर्यंत जवळ यायचं नाही. पापण्यांना कधी झाल्या तर हे औषध डोळ्याला लावायचं नाही, माझ्याकडं यायचं. दिवस गेलेत का?"

"नाही," पल्लवी म्हणाली.

"दोघांचं रक्तही तपासून घ्या. ज्या वाटेनं उवा येतात, त्या वाटेनं दुसरंही येतं. असेलच असं नाही, पण बघून घ्यायचं." तिनं पेन ठेवलं. "काही दुसरं लावलं नाहीस ना? आमच्याकडं डीडीटी लावून येतात, रॉकेल लावून येतात."

पल्लवी धोंडुबाईकडं बघायला लागली. धोंडुबाई खुर्चीच्या कडेवर पुढं सरकली.

"मेंढराचं औषध एकीनं लावलं हुतं. मागं. गोचिडाचं. तोंडाला पानी सुटलं, झटकं आलं, डोळ्याची बाहुली बारीक झाली. ही."

"धुतलं होतं?"

"न्हाई. वाळू दिलं."

"विषबाधा. कातडीतनं भिनतं ते, फोडलेल्या कातडीतनं तर जास्तच."

"दवाखान्यात नेली असती तर?"

डॉक्टरनं चष्मा डोळ्यावर घेतला आणि धोंडुबाईकडं नीट बघितलं. टाळता आलं असतं तिला. तिनं टाळलं नाही. "त्यावर इंजेक्शन असतं, मावशी. तेव्हाही होतं. वेळेत आणली असती तर वाचायची शक्यता होती."

"आसं," धोंडुबाई म्हणाली.

परतीच्या एसटीत ती खिडकीला टेकून बसली होती. बारा वाजले, एक वाजला. पल्लवीनं विचारलं, पाणी हवंय का. ती म्हणाली, "शक्यता म्हंजे किती गं? रुपयात किती आनं?"

*

शनिवारी बिरदेव आला. चहा झाला, आणि उन्हं उतरणीला लागल्यावर पल्लवी त्याला गोठ्यामागं घेऊन गेली. धोंडुबाई इकडच्या बाजूला कोकरू धरून बसली. ती ऐकत होती आणि ते लपवतही नव्हती.

"तुम्हाला खाजतंय का?"

"काय बोलतीस?"

"खाली. खाजतंय का?"

बिरदेव चपलेनं माती उकरायला लागला. "डायवर लोकांना व्हतंच त्ये. इंजिनची गरमी. दीड म्हैना झाला, पावडर लावतोय."

"मला तीन आठवडे झालेत," पल्लवी म्हणाली. एवढंच म्हणाली. आधी दीड महिना, मग तीन आठवडे; बिरदेवचा हिशेब आपोआप झाला असावा.

"टेम्पोत गादी हाय. तीन डायवर झोपत्यात तिच्यावर..."

"डॉक्टर म्हणाल्या, गादीतनं क्वचित. तुमचं काय ते तुम्हाला माहिती. मी आज विचारत नाही." तिनं ट्यूब पुढं केली. "उद्या सकाळी दोघांनी लावायचं. सोमवारी रक्त द्यायचं. बाकीचं रक्ताचा कागद आल्यावर. तोवर तुमचं अंथरूण ओसरीवर."

"आई काय म्हनंल?"

"कुनाला काय म्हनू मी?"

राहीबाई कोपऱ्याला उभी होती. हातात उद्याच्या तयारीचं सूप. लिंबू, नारळ, काळी बाहुली. "अक्का, ही नवऱ्याला काय लावायला सांगतीया? आन तुमी बसून ऐकताया? उद्या देवरुषी येनार हाय. जे काय हाय ते त्यो काढंल."

"त्यो येनार न्हाई, राही. मी जोतीरामला सांगून निरोप फिरीवलाय."

"का म्हनून? मनु पोरीला खाऊन टाकल!"

"मनु कुनाला खात न्हाई." धोंडुबाई कोकरू सोडून उभी राहिली. "मनुला मी मारली. तिला उवा झाल्या हुत्या, हिच्यावानीच. मी गोचिडाची बाटली दिली. धू म्हनलं न्हाई. डोळ्यादेखत मरताना बाटली दडवली. भूत न्हाई, पकडलं न्हाई. त्ये मी हाय. आता ह्या पोरीला डहाळ्यानं मारायची असंल तर आधी मला मार."

बिरदेव आईकडं बघत होता. त्याला वाटलं ती ओरडेल. राहीबाईनं सूप हळूच जमिनीवर ठेवलं आणि सुपाशेजारीच बसली. मनुबाई गेली तेव्हा तिच्या लग्नाला दोन महिने झाले होते, सोळाचीही नव्हती. गेल्या सत्तावीस वर्षांत दर अवसेला ताट घेऊन जाणारी तीच.

"मला दिसली हुती," ती म्हणाली.

"काय?"

"बाटली. मनुआक्काच्या हातात. पाचटाआड जाताना. मी इचारलं, मेंढरं तर तकडं हायती, तुमी हिकडं कुठं चालला? तर म्हनली, गप, लहान हायस." राहीबाईनं लिंबू उचललं, परत ठेवलं. "देवरुषी मारत हुता तवा मी सांगनार हुते. तुमी माज्याकडं बघितलं, अक्का."

"मी?"

"तुमी बघितलं. मला वाटलं, तुमी नगं म्हनताया."

धोंडुबाईला ते आठवत नव्हतं. तिनं खूप आठवून बघितलं. त्या दुपारचं तिला सगळं आठवत होतं, कोकराच्या अंगावरचा चिकटा, ट्रॅक्टरचा रंग, पाचटाचा आवाज. राहीबाईकडं बघितल्याचं आठवत नव्हतं.

"आन ताट?" तिनं विचारलं.

"भ्या वाटायचं. ती इचारायला ईल म्हनून."

पल्लवीनं सूप उचलून आत नेलं. नारळ संध्याकाळी खोबऱ्याच्या चटणीला लागला.

*

देवरुषी आला नाही. राहीबाईनं चुलीवर हंडा ठेवून चादरी उकळल्या आणि बिरदेवचं गाठोडं काठीनं उचलून त्यात टाकलं. तो ओसरीवर झोपला. रक्ताचे कागद आले, दोघांचेही साफ. कागद वाचून पल्लवीनं ते घडी घालून ट्रंकेत ठेवले आणि त्याला म्हणाली, "आता बोला." तो बोलला, की नाही बोलला, ते धोंडुबाईला माहीत नाही. ती त्या वेळेला मुद्दाम मेंढरांकडं गेली होती. एवढं खरं, की बिरदेव त्यानंतरही बरेच दिवस ओसरीवरच झोपत होता.

धोंडुबाईनं गोचिडाची बाटली फळीवरून काढून लाकडी पेटीत घातली, कुलूप लावलं, किल्ली आपल्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवली. वस्तीतल्या पाचही घरांत जाऊन तिनं बायकांना सांगितलं, कुठंही खाजलं तरी हे अंगाला लावायचं नाही, डॉक्टरीणबाईला दाखवायचं. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी हसलं. एकीनं जाताना हळूच विचारलं, "इस्लामपूरची ती बाई कवा बसती म्हनलासा?"

राहीबाई तिच्याशी कामापुरतं बोलत होती. मीठ संपलं, मेंढी लंगडतीया, एवढंच. अवस आली, तसं राहीबाईनं भात घातला, ताट वाढलं, आणि ते ओट्यावर धोंडुबाईपुढं ठेवलं. बाभळीकडं कोण जाणार, ते तिनं सांगितलं नाही. धोंडुबाई ताट घेऊन गेली. येताना तिनं मागं वळून बघितलं. बाभळीखाली कावळे होते.

पहिल्यांदा औषध लावल्यापासून नवव्या दिवशी पल्लवीनं मोबाइलच्या उजेडात पुन्हा बघितलं होतं. दोन राहिलेल्या दिसल्या. म्हणून दहाव्या दिवशी ती पुन्हा औषध घेऊन न्हाणीत गेली. नेमकी दुपारची वेळ. घरची कामं तेव्हाच आटोपली होती, त्याला इलाज नव्हता. धोंडुबाई बाहेर दाराला पाठ लावून बसली, पल्लवीचा मोबाइल मांडीवर, त्यातले आकडे उलटे पळत होते.

सावली पायाखाली आली आणि वास आला. राकेलसारखा, आत कुजलेल्या लसणासारखा. तिनं कोकराकडं बघितलं. कोकरू निवांत लिंबाच्या पाल्याशी खेळत होतं. बाटली पेटीत होती, किल्ली गळ्यात.

"आलीस व्हय," ती पुटपुटली. "बस."

वास गेला नाही. तिला तो जावा असंही वाटत नव्हतं.

आतून आवाज आला. "थोरल्या आत्या, किती वेळ ठेवू अजून?"

धोंडुबाईनं घाईघाईनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला, लांब नेला, परत जवळ आणला. आकडा नीट दिसेपर्यंत ती बोलली नाही.

"तीन मिनिटं," ती म्हणाली. "मी हाय हितं. बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"काय बी. तोंडाला पानी सुटतंय का?"

"नाही."

"झटकं?"

"नाही हो. थंडी वाजतेय जरा."

"आता दोन ऱ्हायली," धोंडुबाई म्हणाली, आणि आकडा बदलेपर्यंत तिनं डोळे मिटले नाहीत. "एक. आता धू, पोरी. भरपूर पानी घे. आन मला आवाज आयकू दे."

आत पाण्याचा तांब्या वाजला. मग दुसरा. धोंडुबाई मोजत बसली.